पागडी, हप्ता आणि अकरा महिने

लालबाग-परळच्या जुन्या चाळीतल्या भाडेपावतीवर आजही दोन-तीन आकडी रक्कम असते. त्याच गल्लीच्या तोंडाशी गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये एका महिन्याचा मेंटेनन्स भरतात, तेवढ्यात चाळीतल्या खोलीचं कित्येक वर्षांचं भाडं भागेल. या दोन इमारतींच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे गिरगाव, दादर, नायगाव, परळ, शिवडीत, आज तिशीतली मराठी पिढी एक हिशेब मांडते आहे: घर विकत घ्यावं की भाड्याने राहावं?

आईवडिलांच्या पिढीकडे याचं उत्तर तयार आहे. ‘भाडं म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. हप्ता भरला की निदान भिंती आपल्या होतात.’ हे वाक्य इथल्या घराघरांत ऐकू येतं. पण ते म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्य भाड्याच्या खोलीत काढलं, मुलांची शिक्षणं-लग्नं त्याच खोलीतून केली आणि आज त्यांच्या नावावर जी काही मोठी मालमत्ता आहे, ती भाडेकरू असण्यातूनच आलेली आहे. त्यांच्या वाट्याला आलेलं भाडं आणि आजचं भाडं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ध्यानात न घेता मुलांना सल्ला दिला जातो आणि त्या सल्ल्यावर वीस वर्षांचं कर्ज उभं राहतं. हा लेख लिहिण्याचं कारण तेच.

मुंबईत मालकीच्या फ्लॅटची कल्पना तशी अलीकडची. गिरगावाला लागून असलेल्या गावदेवीत १९१५ साली रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातली ही पहिली अशी संस्था मानली जाते. तिथेही मालकी संस्थेची होती आणि सभासद तिचे भाडेकरू होते. बाकी शहर सरळ भाड्याने राहत होतं. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने चाळी बांधल्या, दादर-माटुंग्याची आखणी केली. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडी चाळी उभारल्या. खासगी मालकांनीही चाळी बांधल्या, कारण भाड्याचं उत्पन्न चांगलं होतं. घर भाड्याने घेण्यात कमीपणा नव्हता. डॉक्टर, वकील, कारकून, गिरणी कामगार सगळेच भाडेकरू होते.

मग १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. युद्धकाळात शहर फुगलं होतं, फाळणीनंतर आणखी लोक येत होते, आणि भाडी मालकांच्या मर्जीवर सोडणं सरकारला शक्य नव्हतं. १ सप्टेंबर १९४०ला जे भाडं होतं ते प्रमाण भाडं ठरलं आणि भाडेकरूला घराबाहेर काढणं जवळजवळ अशक्य झालं. तात्पुरता म्हणून आणलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धं शतक चालला. महागाई वाढली, पगार वाढले, फक्त भाडं वाढलं नाही.

भाडं गोठलं, पण जागेची किंमत गोठली नव्हती. ती पागडीच्या रूपाने बाहेर आली. खोली सोडणारा भाडेकरू नव्या भाडेकरूकडून बाजारभावाच्या आसपास रक्कम घेई, त्यातला साधारण तिसरा हिस्सा घरमालकाला जाई आणि मालक नव्या नावाने पावती फाडी. कायद्याने हा गुन्हा होता आणि व्यवहारात हाच नियम होता. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने शेवटी या देण्याघेण्याला मान्यता दिली. अशा रीतीने मालकी आणि भाडं यांच्यामध्ये तिसराच प्रकार तयार झाला: भाडेकरू म्हणून राहायचं, पण खोली विकता येते, मुलाच्या नावावर करता येते आणि कोणी उठवत नाही. आपल्या आधीची पिढी ‘भाड्याने’ राहिली ती अशी. कर्ज नाही, हप्ता नाही, आणि हक्क मालकाइतका.

याची किंमत कोणीच मोजली नाही असं नाही. ती इमारतींनी मोजली. महिन्याच्या शे-दोनशे रुपयांत कोणता मालक गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणार? इमारती कोसळू लागल्यावर १९६९मध्ये दुरुस्ती मंडळ नेमलं गेलं आणि भाडेकरूंकडून उपकर गोळा होऊ लागला. तेव्हा उपकरप्राप्त, म्हणजे आपल्या बोलीत सेस इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यातल्या १६ हजारांहून जास्त १९४०च्या आधीच्या होत्या. आजही हजारोंच्या संख्येने त्या उभ्या आहेत. लोखंडी खांबांचा टेकू दिलेले सज्जे, पावसाळ्याआधी येणारी धोकादायक इमारतींची यादी आणि ‘संक्रमण शिबिरात जा’ अशी नोटीस हे सगळं त्या स्वस्त भाड्याच्या बिलातच धरायला हवं. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडली आणि तिसाहून अधिक माणसं गेली. स्वस्त भाड्याचं गुणगान करताना त्यांना विसरून चालणार नाही.

कायद्याचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो, पण आजच्या तिशीतल्या भाडेकरूच्या अडचणीचं मूळ तिथेच आहे. भाडेकरू कायमचा होतो म्हटल्यावर मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पळवाट काढली. हा भाडेकरू नाही, परवानगीने राहणारा आहे, अशी ती मांडणी होती. १९७३मध्ये सरकारने दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ला ज्यांचा परवाना चालू होता त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. हेतू चांगला होता, पण त्यानंतर ज्याच्याकडे रिकामी जागा होती त्याने कुलूप घालणं पसंत केलं. केंद्र सरकारच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीत नोंद आहे की शहरी भारतात भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११मध्ये २८ टक्क्यांवर आलं. त्याच पाहणीत रिकाम्या घरांच्या यादीत मुंबई सर्वांत वर आहे, सुमारे ४ लाख ८० हजार घरांसह. एकीकडे घर मिळत नाही आणि दुसरीकडे घरं बंद, हे या शहराने कायद्याने घडवून आणलं आहे.

डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात स्पष्ट सांगितलं की गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अवाजवी ठरलं आहे. त्यातून १९९९चा कायदा आला आणि ३१ मार्च २०००पासून लागू झाला. जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करायची मुभा मिळाली. म्हणजे २००० साली १०० रुपये असलेलं भाडं पंचवीस वर्षांनी सुमारे २६७ रुपये होतं. आणि नव्याने येणाऱ्यांसाठी लीव्ह अँड लायसन्स हाच राजमार्ग झाला. मुदत संपली की जागा सोडायची. न सोडल्यास मालक सक्षम अधिकाऱ्याकडे जातो आणि दुप्पट शुल्काचा दावाही करू शकतो. एकाच मजल्यावर, एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड, एकाला कोणी हलवू शकत नाही आणि दुसरा दर अकरा महिन्यांनी बॅगा भरायच्या तयारीत असतो.

या पट्ट्यातल्या कुटुंबाने घराचा हिशेब मांडताना आधी हे ठरवावं, की आपण कोणत्या बाजूला आहोत. पावती आपल्या घरात आहे की नाही?

पावती असेल तर गोष्ट विकत-भाड्याची उरतच नाही. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) कलमानुसार सेस इमारतीच्या पुनर्विकासात १३ जून १९९६पूर्वीच्या पात्र रहिवाशाला किमान ३०० चौरस फुटांचं घर मालकीने, मोफत मिळतं. परळ-लालबागसारख्या ठिकाणी चौरस फुटाला ४० हजार रुपये भाव धरला तर हे १ कोटी २० लाखांचं घर झालं. बीडीडी चाळींमध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फूट ठरले. भूमिपूजन २०१७ला झालं आणि वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या ऑगस्ट २०२५मध्ये. तीन-तीन पिढ्या सामायिक संडासापुढे रांग लावणाऱ्यांना हे घर मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. हे फुकट मिळालं असं कोणी म्हणू नये. शंभर वर्षं या शहराच्या गिरण्या, गोद्या, कचेऱ्या आणि इस्पितळं चालवल्याचा तो मोबदला आहे.

पण पावतीचेही धोके आहेत आणि ते मोठे आहेत. पहिला, वेळेचा. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबांनी २००८मध्ये करार करून घरं सोडली आणि पुढची कित्येक वर्षं त्यांना ना घर मिळालं ना ठरलेलं भाडं. गिरगाव-लालबागमध्येही पत्रे ठोकून ठेवलेले, गवत माजलेले प्लॉट दिसतात. ट्रान्झिटचं भाडं बंद झालं की सत्तरीतल्या माणसाला पेन्शनमधून बाहेर भाडं भरावं लागतं, तेही आजच्या बाजारभावाने. म्हणून करार करताना कार्पेट किती वाढवून मिळतं यापेक्षा भाड्याची रक्कम बँकेत आगाऊ ठेवली आहे का, बँक गॅरंटी किती, परवानग्या आधी की खोल्या रिकाम्या करणं आधी, हे विचारायला हवं. सभेत चार-पाच फूट जादा मिळावेत म्हणून तासन्‌तास भांडण होतं आणि बँक गॅरंटीचं पान कोणी उलटूनही पाहत नाही.

दुसरा धोका घरातला. पावतीवर नाव एकाचं असतं. वडील गेल्यावर त्यांच्यासोबत राहणाऱ्या सदस्याकडे भाडेहक्क जातो. डोंबिवलीला गेलेला भाऊ, लग्न होऊन विरारला गेलेली बहीण कागदावर कुठेच नसतात. खोली दीडशे फुटांची होती तोवर त्याने काही अडत नव्हतं. ती कोटीची झाली की राखीपौर्णिमेला येणं थांबतं. आईवडील हयात असतानाच चौघांनी बसून, वकिलाकडून कागद करून हे मिटवावं. नंतर ते मिटत नाही.

आणि तिसरी गोष्ट, विकून जाण्याची. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. पुढच्या वर्षांत गिरणगावातल्या कितीतरी कुटुंबांनी खोल्या पागडीवर देऊन कल्याण, डोंबिवली, नालासोपारा गाठलं. कोणी कर्ज फेडायला, कोणी मुलीच्या लग्नाला, कोणी चार भिंती आणि स्वतंत्र संडास हवा म्हणून. तेव्हाच्या गरजेत तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. आज मात्र गरज नसताना, केवळ रोख रक्कम पाहून पावती सोडण्यात मला शहाणपण दिसत नाही. एकदा इथून बाहेर पडलेलं कुटुंब परत इथे घर घेऊ शकत नाही, हे गेल्या चाळीस वर्षांत पुन्हा पुन्हा सिद्ध झालं आहे.

आता ज्यांच्याकडे पावती नाही त्यांच्याकडे येऊ. त्यांची संख्या दिवसेंदिवस वाढते आहे, कारण एका पावतीवर दोन भावांचे संसार मावत नाहीत.

दादरमध्ये नोकरी-व्यवसाय असलेलं एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. पाचशे फुटांच्या आसपासचा वन बीएचके, किंमत २ कोटी धरू. असंच घर भाड्याने घेतलं तर ५० हजार, म्हणजे किमतीच्या ३ टक्के. मुंबईत घरभाड्याचं उत्पन्न साधारण २ ते ३ टक्क्यांच्या घरात असतं, त्यामुळे हे धरणं भाडेकरूच्या बाजूने झुकलेलं नाही. विकत घ्यायचं तर ४० लाख स्वतःचे, मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के म्हणजे १२ लाख. बांधकाम सुरू असलेलं घर असेल तर वर ५ टक्के जीएसटी, तो इथे सोडून देऊ. उरलेल्या १ कोटी ६० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता येतो सुमारे १ लाख ३९ हजार. एकूण परतफेड ३ कोटी ३३ लाख. मेंटेनन्स महिना ६ हजार.

दुसरं जोडपं तेच घर भाड्याने घेतं. भाडं दरवर्षी ५ टक्के वाढतं, विसाव्या वर्षी सव्वा लाखाच्या पुढे जातं. पण सुरुवातीचे ५२ लाख त्यांच्या हातात आहेत आणि पहिल्या वर्षी दर महिन्याला हप्ता-मेंटेनन्स आणि भाडं यांतला सुमारे ९५ हजारांचा फरकही. हे सगळं ७ टक्क्यांनी गुंतवलं, तर वीस वर्षांनी त्यांच्याकडे साधारण ५ कोटी ६० लाख जमतात. पहिल्या जोडप्याचं घर दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं तर तेव्हा ५ कोटी ३० लाखांचं होतं. म्हणजे जवळपास बरोबरी. घर ७ टक्क्यांनी वाढलं तर पावणेआठ कोटी, म्हणजे घरवाले खूप पुढे. ३ टक्क्यांनीच वाढलं तर ३ कोटी ६० लाख, म्हणजे भाडेकरू दोन कोटींनी पुढे.

सगळा निकाल एका आकड्यावर उभा आहे आणि तो आकडा कोणालाच आधी कळत नाही. २०१४ ते २०२० या काळात मुंबईच्या बऱ्याच भागांत भाव जागचे हलले नव्हते. २०००नंतरच्या दशकात त्यांनी डोळे दिपवले होते. ‘मुंबईत जागेचा भाव कधी पडत नाही’ असं एजंट सांगतो, तेव्हा न वाढणाऱ्या भावावर दीड लाखाचा हप्ता भरणं म्हणजे काय हे तो सांगत नाही. शिवाय हप्ताही स्थिर नाही. ऑक्टोबर २०१९पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं बहुतेक रेपो दराशी जोडलेली आहेत. तो दर मे २०२२पर्यंत ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ला साडेसहा झाला. हप्ता तोच ठेवून बँकांनी मुदत वाढवली आणि कितीतरी जणांची परतफेड निवृत्तीच्या पलीकडे गेली. टॅक्स वाचतो हा जुना आधारही आता ढिला झाला आहे. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही.

मात्र या हिशेबात भाडेकरूच्या बाजूने एक मोठं गृहीत आहे. तो फरक खरोखर, दर महिन्याला, वीस वर्षं बाजूला पडला पाहिजे. निम्माच पडला तर ५ कोटी ६० लाखांचे ३ कोटी ८० लाख होतात आणि घरवाले सहज जिंकतात. मध्यमवर्गात हप्त्याने जी शिस्त लावली ती दुसऱ्या कशाने लावली नाही, हे मान्य करायला हवं. दिवाळीला गाडी आली, मुलाची अॅडमिशन आली, की एसआयपी थांबते. हप्ता थांबत नाही.

माझं मत विचाराल तर ते असं. हप्ता घरात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याला टेकत असेल, तर दादर-परळमध्ये घर विकत घेऊ नये. आईवडील जवळ आहेत, केईएम, टाटा, वाडिया हाकेच्या अंतरावर आहेत, मुलांची शाळा चालत जाण्याजोगी आहे, तर इथेच भाड्याने राहावं आणि फरकाची रक्कम पगार जमा होतो त्याच दिवशी वळती करावी. घोडबंदरला कर्ज काढून घर घ्यायचं आणि रोज तीन तास प्रवासात घालवायचे, यात जो तोटा आहे तो कोणत्याही बँकेच्या कागदावर येत नाही. पण पन्नाशीपर्यंत, कुठेतरी, मग ते बदलापूर असो की रत्नागिरी, आपलं छप्पर हवं. निवृत्तीनंतर उत्पन्न थांबतं आणि भाडं वाढतच राहतं, आणि म्हाताऱ्या माणसांना घर द्यायला मालक कचरतात. गावची जमीन विकून मुंबईतल्या फ्लॅटचं डाउन पेमेंट भरू नये, एवढं मात्र मी ठासून सांगेन.

लालबाग-गिरगावात ‘हेवी डिपॉझिट’चा प्रकारही चालतो. दहा-वीस लाख मालकाकडे ठेवायचे आणि भाडं नाममात्र किंवा शून्य. ऐकायला सोपं वाटतं. पण मालक ते पैसे बहुतेकदा दुसरीकडे अडकवतो आणि परत द्यायची वेळ आली की नवा भाडेकरू येईपर्यंत थांबायला सांगतो. आणि ज्याच्याकडे ठेव ठेवली तो स्वतःच पागडीचा भाडेकरू असेल, तर पुनर्विकासाचे वारे वाहू लागताच सगळा व्यवहार हवेत लटकतो. पावती कोणाची आहे हे पाहिल्याशिवाय असे पैसे देऊ नयेत.

खरं तर लोक घर विकत घेतात ते कोट्यधीश होण्यासाठी नव्हे. चौथीतल्या मुलाची शाळा मार्चमध्ये मालकाच्या फोनमुळे बदलू नये, भिंतीला खिळा ठोकायला विचारावं लागू नये, आडनाव किंवा ताटातली मासळी पाहून कोणी दार बंद करू नये, यासाठी ते दीड लाखाचा हप्ता पत्करतात. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात, कारण तिथला करार सहसा बेमुदत असतो, भाडेवाढीला मर्यादा असते आणि मालकाला सबळ कारणाशिवाय घर रिकामं करून घेता येत नाही. आपल्याकडे एका टोकाला १९४०चं भाडं आणि दुसऱ्या टोकाला अकरा महिने. मधली जागा कायद्याने कधी तयारच केली नाही. ती तयार करणं राज्य सरकारच्या हातात आहे आणि दक्षिण-मध्य मुंबईतल्या एखाद्या तरी उमेदवाराने ही मागणी जाहीरनाम्यात घालायला हरकत नसावी. पागडीवाल्यांच्या मतांसाठी सगळे धावतात. अकरा महिन्यांवाल्याचा मतदारयादीतला पत्ताच दर निवडणुकीला बदललेला असतो.

तोवर जे हातात आहे ते करावं. अकरा महिन्यांचा करार ही केवळ सवय आहे, सक्ती नाही. लीव्ह अँड लायसन्स करार साठ महिन्यांपर्यंत नोंदवता येतो आणि मुद्रांक शुल्क पाव टक्काच लागतं. मुलं शाळेत असतील तर मालकाकडे सरळ छत्तीस महिन्यांचा करार मागावा, वर्षाला किती टक्के वाढ ते आत्ताच लिहून घ्यावं, आणि मुदतीआधी मालकालाही घर काढून घेता येणार नाही असं कलम घालावं. पहिला मालक नाही म्हणेल, कदाचित दुसराही. पण वेळेवर भाडं देणारं, तीन वर्षं टिकणारं कुटुंब त्यालाही हवंच असतं. दर वर्षी एजंटला एक महिन्याचं भाडं आणि रंगरंगोटीचा खर्च त्यालाही चुकलेला नाही.